पडशी, घोंगडी आणि दिंडीचा ट्रक

सराटीचा मुक्काम उठला की तुकाराम महाराजांच्या पादुकांना नीरेत स्नान घातले जाते आणि पूल ओलांडून पालखी अकलूजला येते. पुणे जिल्हा मागे राहतो, सोलापूर जिल्हा सुरू होतो. सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होते. पताका धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात आणि शेवटी अश्व सुटतात. सगळ्यांचे डोळे घोड्यांवर असतात, तेव्हा कडेला टेकलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यांकडेही एकदा पाहावे. देहूपासून दोन आठवडे पायी चालून आलेला माणूस. गळ्यात टाळ, खांद्याला एक पिशवी, काखेत प्लास्टिकच्या कागदाची गुंडाळी. बाकी काही नाही.

एवढ्यावर वीस दिवसांची वाट कशी निभते, हे नीट कळायचे तर त्या पिशवीच्या जागी पूर्वी काय होते तिथून सुरुवात करावी लागते.

तिथे पडशी होती. दोन कप्प्यांची, जाड कापडाची. एक कप्पा पुढे छातीवर, दुसरा मागे पाठीवर, म्हणजे वजन दोन्हीकडे सारखे आणि हात टाळांना मोकळे. एका कप्प्यात दशम्या आणि कोरडी चटणी. दशमीचे पीठ दुधात भिजवलेले, म्हणून ती भाकरीपेक्षा जास्त दिवस टिकते. दुसऱ्या कप्प्यात एक धोतर, एक बंडी, गोपीचंदन आणि बुक्क्याची पुडी. तांब्या बाहेर दोरीला. पोथी असलीच तर एखादी. बहुतेकांचा हरिपाठ तोंडपाठ असे, आणि पाठांतराला वजन नसते.

खांद्यावर घोंगडी. ही वस्तू मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. सांगोला-मंगळवेढ्याच्या कोरड्या माळावर धनगरांची मेंढरे, त्यांची लोकर, त्या लोकरीचे सूत, आणि खड्ड्यातल्या मागावर ती विणणारे सणगर. विणून झाल्यावर चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे वीण घट्ट बसते आणि घोंगडी ताठ राहते. रात्री ती अंथरूण, पहाटे पांघरूण, दुपारी झाडाखाली बैठक. पाऊस आला की एका टोकाचे दोन कोपरे एकात एक खोचून खोळ करायची आणि डोक्यावरून पाठीवर सोडायची. लोकरीला मुळातच तेलकटपणा असतो, त्यामुळे रिमझिम बराच वेळ वरूनच ओघळून जाते. चार कामांना एकच कापड. आज वारकरी प्लास्टिकच्या कागदाचे कोपरे खोचतो तेही त्याच पद्धतीने. घोंगडी गेली, घडी राहिली.

देहूहून पालखी काढण्याची प्रथा तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केली. हे साल अकलूजकरांनी लक्षात ठेवावे, कारण त्यानंतर चारच वर्षांनी याच नीराकाठी अगदी वेगळ्या प्रवाशाचा तळ पडला होता. 1689 च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, तेव्हा औरंगजेबाची छावणी अकलूजला होती.

ही छावणी म्हणजे चालते शहर होते. गेमेली करेरी हा इटालियन प्रवासी 1695 मध्ये गलगल्याच्या मुक्कामी तीच छावणी पाहून गेला. पाच लाख माणसे, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती, अडीचशे बाजार आणि तीस मैलांचा घेर, असे आकडे त्याने लिहून ठेवले आहेत. ऐकीव आकडे फुगलेले असतील असे धरून निम्मे केले, तरी ते अवजड लटांबर डोळ्यांपुढे उभे राहते. बादशहाची पंचवीसेक वर्षे दख्खनेत गेली आणि इथेच 1707 मध्ये तो वारला.

त्याच्याशी लढणाऱ्या मराठी फौजेचा सामानाविषयीचा विचार उलट होता. फौजेबरोबर बायका, बटकी, कलावंतिणी नसाव्यात, असा शिवाजी महाराजांचा नियम सभासदाने बखरीत नोंदवला आहे. मोहिमेवर निघताना प्रत्येकाजवळच्या लहानमोठ्या चीजवस्तूंची यादी व्हायची आणि परत आल्यावर त्या यादीवरून झडती. सामानाची मोजदाद हा लष्करी शिस्तीचाच भाग होता. ही शिस्त पुढे सुटली. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर लढणाऱ्या फौजेच्या पाठीशी हजारो बुणगे, म्हणजे न लढणारी माणसे, आणि तीर्थयात्रेच्या ओढीने आलेले यात्रेकरू होते. त्या पराभवाची कारणे अनेक आहेत, पण हे ओझे त्यांत वरचे आहे.

फौजेची शिस्त वारीत आणली ती हैबतबाबांनी. साताऱ्याजवळच्या आरफळचे हे गृहस्थ शिंद्यांच्या पदरी होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला दिंड्यांचा क्रम, चोपदार, चालण्या-थांबण्याची रीत घालून दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. माउलींची पालखी माळशिरस-वेळापूरच्या वाटेने जाते, अकलूजला येत नाही. पण दिंडीची घडी दोन्हीकडे रुळली, आणि सामानाच्या इतिहासात ही घडी फार महत्त्वाची आहे. दिंडी म्हणजे नुसती भजनाची रांग नव्हे. पीठ, डाळ, पातेली, राहुट्या यांची तजवीज एकत्र करणारे ते बिऱ्हाड आहे. एकट्याच्या पाठीवरचे ओझे त्यातून दिंडीच्या बैलगाडीत गेले. पुढे बैलगाडीच्या जागी ट्रक आला आणि मागोमाग पाण्याचा टँकर.

या एकत्र बिऱ्हाडालाही भिंती होत्या. इरावती कर्वे वारीत चालल्या आणि एकाच दिंडीत जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात, हे त्यांना फार लागले. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले आहे. वेगळी पंगत म्हणजे वेगळी चूल, वेगळी पातेली. भेदाभेदाचेही वजन गाडीतच पडत होते. दि. बा. मोकाशी 1961 मध्ये चालले. त्यांचे ‘पालखी’ हे पुस्तक 1964 मध्ये आले. चालणाऱ्याचे दुखणारे पाय आणि मुक्कामाची जागा शोधण्याची धांदल समजून घ्यायला आजही त्याच्याइतके प्रामाणिक दुसरे मराठी पुस्तक सापडणे कठीण आहे.

वारकऱ्याची पिशवी रिकामी राहू शकते, कारण वाटेवरची गावे भरलेली असतात. वारीचे कौतुक करताना नेमके हेच मागे पडते. यवतला गाव मिळून पिठले-भाकरी रांधते. काटेवाडीला परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढरे पालखीभोवती रिंगण धरतात. कुणाच्या ओसरीवर रात्र निघते, कुणाच्या विहिरीवर आंघोळ होते. ओले लुगडे वाळवायचे तर दोघी जणी दोन टोके धरून चालतात. वारकरी घरून थोडे घेऊन निघतो ते वाट काहीतरी देईल या भरवशावर, आणि गेली तीनशेहून अधिक वर्षे वाटेने तो भरवसा मोडलेला नाही. घरी ठेवून आलेले ओझे कुणाच्या तरी हाताने उचलले जाते. यवतच्या चुलीपुढे रात्रभर भाकऱ्या थापणाऱ्या बायांचे ते हात असतात.

याच अकलूजच्या रस्त्याने दिवाळीच्या सुमारास दुसरी माणसे येतात, त्यांचेही सामान थोडे असते. पण त्यांची गोष्ट वारीच्या गोष्टीत मिसळू नये. माळीनगरचा सासवड माळी कारखाना 1930 च्या दशकातला, पुढे शंकरनगरचा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि आसपासचा सगळा मुलूख उसाचा झाला. हा ऊस तोडायला बीडकडून, मराठवाड्यातून कुटुंबे येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून सहा महिने घर बंद. टायरगाडीत पत्र्याची पेटी, चार भांडी, बाजरीचे पीठ, गोधडी, लहान मूल. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी. यांचे सामान कमी आहे ते घरातच कमी असल्यामुळे. वारकऱ्याने वीस दिवसांसाठी घर मागे ठेवले आहे, ऊसतोड्याने घरच गाडीत घातले आहे. दोघांना एकाच मापाने साधे म्हणणे हा ऊसतोड्यावर अन्याय आहे. वाट त्याला देते ते गावाच्या बाहेरचे रान. पालखीला ओसरी उघडणाऱ्या गावांनी या कोप्यांपर्यंतही पाणी आणि शाळा पोचवली पाहिजे.

अकलूजचा मुक्काम आटोपला की पालखी माळीनगरच्या उभ्या रिंगणाला जाते, तिथून बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी. आषाढीला चंद्रभागेचे स्नान, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला. मग दिंड्या फुटतात आणि बहुतेक वारकरी एसटीने घर गाठतात. पालखी मात्र मोजक्या माणसांबरोबर पायीच देहूला परतते. एसटीत चढणाऱ्या म्हाताऱ्याची पिशवी आता जड असते. तिच्यात चुरमुरे, बत्तासे, कुंकू, बुक्का आणि नातीसाठी घेतलेली तुळशीची माळ असते. घरी पोचल्यावर पहिले काम म्हणजे त्यातला मूठ मूठ प्रसाद आळीतल्या प्रत्येक घरी पोचवणे.