विंडोज डेस्कटॉप ॲप बनवताना हमखास येणाऱ्या ६ अडचणी आणि त्यांचे उपाय

सगळं मोबाईलवर होत असताना विंडोजसाठी डेस्कटॉप ॲप कोण बनवतं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मग जवळच्या मेडिकलमध्ये, पतसंस्थेत किंवा शाळेच्या ऑफिसात एकदा डोकावून बघा. औषधांचं बिल, पासबुकातली नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, यातलं बरंच काम आजही कॉम्प्युटरवरच्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. ते अडलं की काउंटरसमोर रांग लागते आणि ते चुकलं की कुणाच्या तरी दाखल्यावर चुकीची जन्मतारीख छापली जाते.

मी सी शार्प शिकवतो. त्यामुळे शिकणाऱ्या मुलामुलींचे एररचे स्क्रीनशॉट माझ्या फोनवर येतच असतात. सोबतचं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "सर, माझ्याकडे चालतंय, पण त्यांच्याकडे चालत नाही." हे वाक्य खोटं नसतं. आपण नकळत काही गोष्टी धरून चालतो: युजर शांतपणे थांबेल, त्याचा कॉम्प्युटर आपल्यासारखाच असेल, त्याच्याकडे आपल्याइतक्याच परवानग्या असतील, तो नाव इंग्रजीतच टाइप करेल. यातलं एक जरी गृहीतक चुकलं तरी ॲप अडतं. खालच्या सहाही अडचणी अशाच आहेत. उदाहरणं सी शार्प, विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफची घेतली आहेत, पण कारणं इतर भाषांनाही लागू होतात.

१. ॲप अडकतं आणि 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसतं

लक्षण: बटण दाबलं की विंडो पांढुरकी पडते आणि वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं.

कारण: माउसचा क्लिक, की दाबणं, विंडो पुन्हा रंगवणं, या प्रत्येक गोष्टीचा एक मेसेज विंडोज तुमच्या ॲपच्या रांगेत टाकतं. ही रांग उपसायला एकच थ्रेड असतो, त्याला यूआय थ्रेड म्हणतात. काउंटरवर एकच क्लार्क आहे आणि तोच मागच्या खोलीत फाईल शोधायला गेला, तर रांग जागची हलत नाही, तसंच इथे होतं. बटणाच्या क्लिकमध्येच तुम्ही २० सेकंदांचं काम लिहिलं, तर तेवढा वेळ रांगेकडे कुणी बघतच नाही. साधारण ५ सेकंद उत्तर मिळालं नाही आणि युजरने काही करून पाहिलं, की विंडोज त्या ॲपला अडकलेलं समजतं. तुमच्या अँड्रॉइड फोनवर 'ॲप प्रतिसाद देत नाही' असा चौकोन येतो, त्याचंही कारण हेच. तिथेही स्पर्शाला उत्तर द्यायची मर्यादा ५ सेकंदांचीच आहे.

खरा धोका पुढे आहे. युजरला वाटतं ॲप मेलं, म्हणून तो ते बंद करतो आणि अर्धवट भरलेली माहिती जाते.

उपाय:
- नेटवर्क, फाईल आणि डेटाबेसच्या कामासाठी असिंक आणि अवेट वापरा. २०१२ साली सी शार्प ५ मध्ये ही सोय आली.
- प्रोसेसरला राबवणारं मोठं गणित असेल, तर ते टास्क.रनमध्ये टाका.
- एसक्यूलाइटची असिंक नाव असलेली फंक्शन्स मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत प्रत्यक्षात साध्या फंक्शनसारखीच थांबून राहतात. तिथेही टास्क.रन लागेल.
- काम चालू असेपर्यंत बटण बंद ठेवा आणि प्रोग्रेस बार दाखवा. नाहीतर युजर तेच बटण पुन्हा दाबतो आणि एकाच ग्राहकाची दोन बिलं तयार होतात.

दोन शॉर्टकट टाळा. पहिला म्हणजे डूइव्हेंट्स. तो कामाच्या मध्येच रांग उपसतो, त्यामुळे तेच काम पुन्हा सुरू होऊ शकतं. दुसरा म्हणजे असिंक कामाला शेवटी 'रिझल्ट' लावणं. यूआय थ्रेड काम संपायची वाट बघतो, काम यूआय थ्रेड मोकळा व्हायची वाट बघतं, आणि दोघंही तसेच बसून राहतात.

२. 'क्रॉस-थ्रेड ऑपरेशन नॉट व्हॅलिड' एरर

लक्षण: पहिली अडचण सोडवायला काम दुसऱ्या थ्रेडवर नेलं आणि तिथून लेबलवर 'काम झालं' लिहायला गेलात, की हा एरर येतो.

कारण: टेक्स्टबॉक्स, लेबल, ग्रिड हे ज्या थ्रेडने बनवले, त्यानेच त्यांना हात लावायचा, असा नियम आहे.

उपाय: अवेट नीट वापरलं, तर त्याच्या पुढची ओळ आपोआप यूआय थ्रेडवर परत येते, त्यामुळे बहुतेक वेळा वेगळं काही करावं लागत नाही. मधेमधे प्रगती दाखवायची असेल, तर प्रोग्रेस हा तयार क्लास आहे. तो यूआय थ्रेडवरच बनवा. जुन्या कोडमध्ये विनफॉर्म्ससाठी इन्व्होक किंवा बिगिनइन्व्होक आणि डब्ल्यूपीएफसाठी डिस्पॅचर वापरा.

विनफॉर्म्समधली ही तपासणीच बंद करायची एक सेटिंग आहे आणि इंटरनेटवर ती उपाय म्हणून सांगितली जाते. गाडीच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला म्हणून त्यावर चिकटपट्टी लावण्यासारखं आहे हे. शिवाय ही तपासणी मुळात डीबगर जोडलेला असतानाच चालू असते. म्हणजे तुमच्याकडे एरर दिसेल आणि युजरकडे ॲप काही न सांगता कधीतरी बिघडेल.

३. सेव्ह करताना 'ॲक्सेस डिनाइड'

लक्षण: व्हिज्युअल स्टुडिओमधून चालवलं तर सेव्ह होतं, इन्स्टॉल केल्यावर होत नाही.

कारण: इन्स्टॉल केलेलं ॲप प्रोग्राम फाइल्स फोल्डरमध्ये बसतं आणि तुम्ही डेटाबेसची फाईलही तिथेच ठेवलेली असते. साध्या युजरला त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसते. विंडोज व्हिस्टापासून ॲडमिनचं खातं असलं, तरी प्रत्येक ॲपला ॲडमिनचे अधिकार आपोआप मिळत नाहीत.

याचं एक फसवं रूपही आहे. मॅनिफेस्ट नसलेल्या जुन्या ३२ बिट ॲपने तिथे लिहायचा प्रयत्न केला, तर विंडोज एरर न देता ती फाईल त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये ठेवतं. मग सकाळच्या शिफ्टची नोंद दुपारच्या युजरला दिसतच नाही आणि सगळे म्हणतात डेटा गेला.

उपाय: एका युजरचा डेटा ॲपडेटामध्ये ठेवा. सगळ्यांचा सामायिक डेटा प्रोग्रामडेटामध्ये ठेवा आणि त्याच्या परवानग्या इन्स्टॉलरमधूनच देऊन टाका. फोल्डरचा पत्ता हाताने लिहू नका, गेटफोल्डरपाथला विचारा. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा असं युजरला सांगणं हा उपाय नाही. रोजच्या बिलासाठी अख्ख्या घराची किल्ली कशाला द्यायची?

४. 'डीएलएल सापडत नाही' किंवा ड्रायव्हर नोंदलेला नाही

लक्षण: नव्या कॉम्प्युटरवर ॲप उघडतच नाही. कधी व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल नाही म्हणतं, कधी ॲक्सेस डेटाबेसचा ड्रायव्हर नोंदलेला नाही म्हणतं.

कारण: तुमच्या कॉम्प्युटरवर व्हिज्युअल स्टुडिओसोबत बऱ्याच गोष्टी आधीच आलेल्या असतात, युजरकडे त्या नसतात. दुसरं कारण ३२ आणि ६४ बिटचं. ६४ बिट प्रोसेस ३२ बिट डीएलएल लोड करू शकत नाही, आणि उलटंही चालत नाही. त्यामुळे ड्रायव्हर असूनही तो वेगळ्या बिटचा असेल, तर ॲपसाठी नसल्यासारखाच. इथे नावंही गोंधळात टाकतात: ६४ बिट विंडोजवर सिस्टिम३२ या फोल्डरमध्ये ६४ बिट फाइल्स असतात आणि ३२ बिट फाइल्स सिसवाव६४ मध्ये!

उपाय:
- व्हीसीरनटाइमसाठी मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल तुमच्या इन्स्टॉलरमध्येच द्या. अनोळखी साइटवरून एकटी डीएलएल फाईल कधीच उतरवू नका. तिच्यातून व्हायरस येऊ शकतो.
- प्रोजेक्टमध्ये 'एनी सीपीयू' तसंच न ठेवता ड्रायव्हर बघून एक्स८६ किंवा एक्स६४ ठरवा.
- डॉट नेट ५ आणि त्यापुढच्या आवृत्त्या विंडोजसोबत येत नाहीत. पब्लिश करताना 'सेल्फ-कंटेन्ड' निवडलं, तर रनटाइम ॲपसोबतच जातं. फाइल्सचा आकार वाढतो, पण युजरला वेगळं काही टाकावं लागत नाही.

५. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

लक्षण: फॉर्मवर 'ज्ञानेश्वर' नीट दिसतं, पण सेव्ह करून पुन्हा उघडलं की नुसती ????? दिसतात.

कारण: युनिकोडच्या आधी विंडोज प्रत्येक भाषेसाठी वेगळं कोड पेज वापरायचं. मराठीसाठी विंडोजचं असं कोड पेज कधी नव्हतंच, मराठी विंडोजवर थेट युनिकोडमध्येच आली. म्हणून मजकूर वाटेत कुठेही जुन्या कोड पेजमधून गेला, की प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. हे नुसतं दिसण्यापुरतं नसतं. साठवलेलीच प्रश्नचिन्हं असतील, तर मूळ नाव त्यातून परत काढता येत नाही. शाळेच्या रजिस्टरमधली पाचशे नावं अशी गेली, तर ती कागदावरून पुन्हा टाइप करण्याशिवाय मार्ग उरत नाही.

उपाय:
- एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्हारचार नको, एनव्हारचार घ्या. क्वेरीत मजकूर जोडून लिहू नका, पॅरामीटर वापरा आणि त्याचाही प्रकार एनव्हारचार ठेवा.
- फाईल लिहिताना आणि वाचताना यूटीएफ-८ स्पष्टपणे सांगा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल, तर यूटीएफ-८ बीओएमसह सेव्ह करा, नाहीतर देवनागरीऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसतात.
- कॉलमची लांबी सढळ ठेवा. 'ज्ञानेश्वर' आपल्याला चार अक्षरी वाटतं, पण ज, हलन्त, ञ, काना असं मोजत गेलं तर कॉम्प्युटरसाठी ती १० चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे ३० बाइट. जागा कमी पडली की एरर येतो, किंवा नाव जोडाक्षराच्या मध्येच तुटतं.

६. तारीख उलटी होते, पैशांचा मेळ बसत नाही

लक्षण: ०५/०८/२०२४ लिहिलं की कुठे ५ ऑगस्ट होतं, कुठे ८ मे.

कारण: आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकन सेटिंगमध्ये महिना आधी येतो. तारीख मजकूर म्हणून वाचली, तर त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे अर्थ बदलतो. गंमत म्हणजे महिन्याच्या १२ तारखेपर्यंत एरर येत नाही, १३ तारखेला पहिल्यांदा येतो, कारण तेरावा महिना नसतो. पण तोपर्यंतच्या बारा दिवसांत बहुतेक नोंदी गुपचूप उलट्या साठलेल्या असतात.

उपाय: तारीख डेटटाइमपिकरमधून घ्या आणि डेटाबेसमध्ये तारखेच्याच प्रकारात साठवा. मजकुरातच हवी असेल, तर २०२४-०८-०५ असं वर्ष आधी लिहा आणि इन्व्हेरियंट कल्चर वापरा. पैशांसाठी डबल नको, डेसिमल घ्या. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. एका बिलात हे कळत नाही, महिनाअखेरच्या ताळ्यात कळतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

युजरकडे ॲप क्रॅश झालं, पण कारण कसं कळणार?
इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशनवर जा आणि 'डॉट नेट रनटाइम'ची लाल नोंद वाचा. पुढच्या वेळेसाठी न पकडलेले एरर लॉग फाईलमध्ये लिहायची सोय ॲपमध्येच करा. फोनवरून "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" एवढंच कळलं, तर हातात काही लागत नाही.

माझ्याकडे दुसरा कॉम्प्युटर नाही, टेस्ट कशावर करू?
विंडोज प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा. तो प्रत्येक वेळी कोरा करकरीत विंडोज देतो आणि बंद केला की सगळं पुसतो. होम आवृत्तीत ही सोय नाही. तिथे निदान ॲडमिन नसलेलं दुसरं खातं बनवा आणि त्यातून ॲप चालवा.

देण्याआधी कमीत कमी काय तपासू?
साध्या युजरच्या खात्यातून इन्स्टॉल केलेलं ॲप उघडा. मराठी नाव, २५ तारीख आणि पैसे असलेली रक्कम भरून सेव्ह करा. ॲप बंद करून पुन्हा उघडा आणि नोंद जशीच्या तशी आहे का बघा. विंडोजमधलं तारखेचं फॉरमॅट अमेरिकन करून हेच पुन्हा करा. शेवटी सगळ्यात मोठा रिपोर्ट काढताना विंडो माउसने हलवून बघा. ती हलली, तर पहिली अडचणही सुटली.

या तपासणीला अर्धा तास पुरतो. तो तुम्ही दिलात, तर काउंटरवर बसलेल्या माणसाचा दिवस वाचतो. तुमचं नाव त्याला कदाचित माहीतही नसेल, पण रांग थांबली नाही हे त्याला नक्की कळेल. डेस्कटॉप ॲप शिकणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर हा लेख त्यांनाही नक्की पाठवा.