शाईचं झाड धुऱ्यावर

काल जरीपटक्यात लेकीसाठी चित्राची शाई घेतली. परतताना धुऱ्यावरची बाभूळ दिसली, अन् वाटलं, शाईचा अर्धा कारखाना तर इथंच उभा होता.

मंडळी, जुन्या पोथ्यांची काळी शाई दोन तऱ्हेची. एक काजळाची: दिव्याचं काजळ, बाभळीच्या डिंकाचं पाणी अन् भरपूर घोटणं. दुसरी हिरड्याची: हिरड्याच्या काढ्यात हिराकस. आवळा चिरताना लोखंडी विळा काळा पडतो ना? तेच हे, टॅनिन अन् लोखंडाची गाठ. पण हिराकस जास्त झाला की शाई कागद खाते. काजळाची शेकडो वर्षं टिकते, फक्त पाण्यापासून जपायची.

लाल रंगाचं बघा. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या १९व्या दशकात, पहिल्याच समासात, लेखनाच्या सामानात हिंगूळ अन् आळिता सांगितलाय. हिंगूळ खनिज. आळिता मात्र लाखेचा, अन् लाखेचा किडा पोसतो पळसावर, बोरीवर.

पुढे बाटलीतली शाई आली अन् ही झाडं 'बिनकामाची' ठरली. धुरा साफ करायला जेसीबी बोलावण्याआधी बाभूळ-पळसाकडे एकदा पाहा. उन्हाळ्यात डिंक पाझरला की मूठभर ठेवा. पोरांना शाई घोटून दाखवू.