उशिरां आलेला प्रेक्षक

कीर्तनाला उशिरां आलेल्या मनुष्याचें फारसें अडत नाहीं. पूर्वरंग हुकला तरी उत्तररंगांतलें आख्यान त्याला समजतें. आणि आख्यान अर्ध्यावर आलें असलें तर शेजारचा कोणी तरी हळूच सांगतो कीं, हरिश्चंद्र आतां काशीस पोंचला आहे. परंतु एकच कथा साठ वर्षांहून अधिक काळ चालली असेल, तिचे आठशेंहून अधिक भाग झाले असतील आणि तिचा नायक बारांहून अधिक वेळां नवें शरीर धारण करून आला असेल, तर उशिरां आलेल्यानें बसावें तरी कोठें? इंग्लंडांत बी. बी. सी. च्या दूरचित्रवाणीवर १९६३ सालीं सुरू झालेली ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथामालिका अशी आहे. नवख्यानें आरंभ कोठून करावा याविषयीं तिच्या भक्तांतच मतभेद आहेत. कोणी म्हणतो, पहिल्या भागापासून. कोणी म्हणतो, जुनें सर्व सोडून २००५ पासून. वाद वरवर आवडीनिवडीचा दिसतो. पण मालिकेचा इतिहास चाळला तर हाच प्रश्न तिच्या कर्त्यांपुढें पुनः पुनः उभा राहिलेला आढळतो, आणि त्यांनीं त्याला जसें उत्तर दिलें तसे तिला बरेवाईट दिवस आलेले दिसतात.

प्रारंभीं तर सारेच नवखे होते. बी. बी. सी. च्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे मूळचे कॅनडाचे. शनिवारीं सायंकाळीं खेळांचा कार्यक्रम संपल्यावर मुलांसह सर्व घरानें पाहावें असें कांहीं तरी त्यांना हवें होतें. निर्मितीचें काम त्यांनीं व्हेरिटी लँबर्ट या २७ वर्षांच्या बाईंकडे दिलें आणि पहिल्या कथेचें दिग्दर्शन वारिस हुसेन यांच्याकडे आलें. हुसेन यांचा जन्म १९३८ सालीं लखनौस झालेला. लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या मातोश्री. कथेचा नायक काळांतून व अवकाशांतून प्रवास करणारा एक गूढ म्हातारा आहे. पण कथा त्याच्यापासून सुरू होत नाहीं. ती सुरू होते लंडनच्या एका शाळेंत. इतिहास शिकविणाऱ्या बार्बरा राइट आणि विज्ञान शिकविणारे इयन चेस्टरटन या दोघां शिक्षकांना सुसान नांवाच्या विद्यार्थिनीचें ज्ञान चमत्कारिक वाटतें; तिचें घर पाहावें म्हणून तीं दोघें तिच्या मागोमाग एका भंगाराच्या आवारांत शिरतात. तेथें पोलिसांच्या टेलिफोनची एक निळी पेटी उभी असते. आंत पाऊल टाकावें तों ती बाहेरच्यापेक्षां आंतून कितीतरी मोठी! शिक्षक जितके चकित होतात तितकाच प्रेक्षकहि होतो; त्यांना ठाऊक नाहीं तें त्यालाहि ठाऊक नाहीं. महाभारतांत जनमेजय विचारतो आणि वैशंपायन सांगतो. श्रोत्याच्या वतीनें विचारणारा कोणी कथेंतच बसलेला असला म्हणजे परका मनुष्यहि बिचकत नाहीं. ही युक्ति आपल्याकडे फार जुनी आहे. लंडनच्या त्या मंडळींना ती स्वतंत्रपणें सुचली असावी. शिवाय इतिहास आणि विज्ञान हे शिक्षकांचे दोन विषय कांहीं योगायोगानें निवडलेले नव्हते. भूतकाळाच्या प्रवासांत एक शिकवावा आणि भविष्याच्या प्रवासांत दुसरा, असा मूळ बेत होता.

पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं दाखविला गेला. आदल्याच दिवशीं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला होता, आणि देशाच्या कांहीं भागांत वीजहि गेली होती. म्हणून पुढच्या शनिवारीं दुसऱ्या भागाच्या आधीं पहिला भाग पुनः दाखविण्यांत आला. मालिका अवघी आठ दिवसांची, आणि तेवढ्यांतच तिला उशिरां आलेल्यांची सोय पाहावी लागली.

त्या काळीं चुकलेला भाग चुकलाच. घरोघरीं चित्र टिपून ठेवण्याचें साधन नव्हतें, आणि खुद्द बी. बी. सी. नें तरी तें कोठें जतन केलें? फिती महाग, त्यामुळें जुनें पुसून त्यांवर नवें घेण्याची तेथें वहिवाट होती. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकीं नव्वदांहून अधिक भाग अशा रीतीनें नाहींसे झाले. सुदैवानें कांहीं हौशी प्रेक्षकांनीं घरीं बसून त्यांचा आवाज तेवढा टिपून ठेवला होता, म्हणून सर्व भाग निदान ऐकावयास मिळतात. पहिल्यापासून क्रमानें पाहावें असें सांगणाऱ्यांना हा खळगा ओलांडतां येत नाहीं.

१९६६ सालीं आणखी एक प्रसंग ओढवला. डॉक्टरची भूमिका करणारे विल्यम हार्टनेल यांची प्रकृति ढासळली. एरवीं अशा वेळीं मालिका बंद होते, किंवा दुसरा नट गुपचूप उभा करतात. येथें कर्त्यांनीं असें ठरविलें कीं, डॉक्टर हा मनुष्यजातीचा नव्हेच. देह जीर्ण झाला म्हणजे तो नवा धारण करतो. २९ ऑक्टोबर १९६६ रोजीं हार्टनेल यांच्या जागीं पॅट्रिक ट्राउटन आले. गीतेंतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टांत लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला यांत नवल वाटणार नाहीं. इंग्लंडांतल्या मुलांना मात्र तें फार मोठें नवल होतें. पुढच्या कथेंत त्याच्या बरोबरचीं बेन आणि पॉली हीं दोघें, हा डॉक्टर खरा कीं तोतया, अशा संशयांत पडतात. म्हणजे तीन वर्षें नेमानें पाहणारा प्रेक्षकहि त्या दिवशीं नवखा झाला, आणि त्याच दिवशीं प्रथम पाहणारा त्याच्या शेजारीं बरोबरीनें बसला. अडचणींतून निघालेल्या या तोडीनें मालिकेचें आयुष्य वाढविलें. (त्या कथेचे सहाहि भाग पुसले गेले आहेत!) ३ जानेवारी १९७० पासून चित्र रंगीत झालें तेव्हां जॉन पर्टवी हे नवे डॉक्टर, पृथ्वीवरच हद्दपार करून ठेवलेले; आणि त्यांना ओळखूं पाहणाऱ्या लिझ शॉ या विदुषीहि नव्या.

ज्यांचें पाहणें हुकलें त्यांना १९७३ पासून पुस्तकांनीं हात दिला. टार्गेट या प्रकाशनानें जुन्या कथा लहान कादंबऱ्यांच्या रूपानें काढल्या. त्यांतल्या साठांहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनीं लिहिल्या. त्यांची भाषा साधी आणि वेगवान. नामशेष झालेल्या कथा एका अख्ख्या पिढीला या स्वस्त पुस्तकांतूनच कळल्या, आणि वाङ्मयाच्या समीक्षकांनीं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलें नाहीं म्हणून त्यांची कामगिरी उणी ठरत नाहीं.

पुढच्या दशकांत मात्र मालिका जुन्या मित्रांशींच कुजबुजूं लागली. जानेवारी १९८५ मधील सायबरमेन नांवाच्या यंत्रमानवांची कथा याचा ठळक नमुना होय. तिचे धागेदोरे १९६६ आणि १९६७ च्या कथांशीं जुळविलेले होते. त्यांपैकीं १९६७ ची कथा त्या वेळीं बी. बी. सी. च्या संग्रहांतहि नव्हती. ती पुढें हाँगकाँगमध्यें सांपडून १९९२ सालीं परत आली. जें कोणाला पाहतांच येत नव्हतें त्याची आठवण प्रेक्षकानें ठेवावी, ही अपेक्षा विलक्षणच म्हणावयाची. घरांतला एखादा थोरला मुलगा मान डोलावी, आणि धाकटा ‘हा कोण?’ असें विचारून विचारून उठून जाई. त्याच वर्षीं मालिका दीड वर्ष स्थगित झाली आणि डिसेंबर १९८९ मध्यें थांबली. वरिष्ठांची नावड, तुटपुंजा खर्च आणि वाईट वेळ यांचाहि त्यांत वांटा होता; सर्व दोष पूर्वेतिहासाच्या ओझ्यावर टाकणें न्याय्य होणार नाहीं. तरी १९९६ च्या चित्रपटांत तीच चूक पुनः दिसते. आरंभींच परग्रहावरील खटला, शत्रूचे अवशेष आणि जुना डॉक्टर. नवा डॉक्टर येईपर्यंत नवखा गोंधळून गेलेला असतो. त्या चित्रपटाला जोडून मालिका निघाली नाहीं.

२६ मार्च २००५ रोजीं रसेल टी. डेव्हिस यांनीं ती पुनः सुरू केली, तेव्हां मधल्या काळांत जन्मलेल्या मुलांनीं डॉक्टर पाहिलाच नव्हता. डेव्हिस यांनीं १९६३ चीच वाट धरली. रोझ ही लंडनच्या एका मोठ्या दुकानांत काम करणारी १९ वर्षांची मुलगी. सकाळीं घड्याळाच्या गजरानें ती उठते, आणि त्याच रात्रीं दुकानाच्या तळघरांत तिला डॉक्टर भेटतो. तो कोण हें ती शोधून काढते. त्याच्या जातीचें नांव दुसऱ्या भागांत कळतें. त्याचे जुने वैरी डालेक सहाव्या भागापर्यंत येत नाहींत. देह पालटण्याची गोष्ट तेराव्या भागाच्या अखेरीस. इतका संयम जाणकाराला जड गेला असेल. पण पहिला भाग एक कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. २०१० सालीं कारभार स्टीव्हन मॉफट यांच्याकडे गेला, तेव्हां रात्रीं घरीं एकट्याच असलेल्या अमेलिया या लहान मुलीच्या बागेंत ती निळी पेटी येऊन आदळली आणि पुनः पहिल्यापासून ओळख झाली. २०२४ सालीं तर हंगामांचे आंकडेच नव्यानें एकपासून मोजावयास घेतले.

नोव्हेंबर २०२३ मध्यें बी. बी. सी. नें आठशेंहून अधिक भाग इंग्लंडांतील प्रेक्षकांना घरबसल्या खुले केले. त्यांत १९६३ ची पहिलीच कथा नव्हती. तिच्या लेखकाच्या वारसांशीं हक्कांविषयीं जुळलें नाहीं. पहिल्यापासून आरंभ करूं म्हणणाऱ्याला त्या दिवशीं तो मार्गहि बंद होता.

नवख्यानें २००५ किंवा २०१० च्या पहिल्या भागापासून खुशाल बसावें. रंगीत पण जुन्या वळणाचें हवें असेल तर १९७० पासून. चार हंगाम झाल्यावर मग १९६३ चा तो पंचवीस मिनिटांचा भाग मिळवून अवश्य पाहावा. त्याच्या पुढचे तीन भाग आदिमानवांच्या टोळीचे असून ते फार लांबले आहेत. ते सोडून २१ डिसेंबर १९६३ रोजीं सुरू झालेल्या डालेकांच्या सात भागांच्या कथेवर एकदम उडी घेतली तरी कांहीं बिघडत नाहीं.