लायलॅक

लायलॅक : पारिजातक कुलातील म्हणजे ओलिएसी कुलातील, सुगंधी फुलांसाठी प्रसिद्ध असलेले पानझडी झुडूप. सामान्य लायलॅकचे शास्त्रीय नाव सिरिंगा व्हल्गॅरिस असे असून जाई, ऑलिव्ह व पारिजातक हे त्याचे कुलबंधू होत. झुडूप सु. ३ ते ६ मी. उंच वाढते व बुंध्यापासून निघणाऱ्या मुनव्यांमुळे (जमिनीलगतच्या फुटव्यांमुळे) त्याचे दाट बेट तयार होते. पाने समोरासमोर, साधी, गुळगुळीत व हृदयाकृती असतात. वसंताच्या उत्तरार्धात फांद्यांच्या टोकांशी फुलांचे शंकूसारखे भरगच्च घोस येतात. फूल लहान, नळीसारखे, चार पाकळ्यांचे व दोन केसरदलांचे असते. रंग फिकट जांभळा, निळसर, गुलाबी, किरमिजी किंवा पांढरा असतो. फळ (बोंड) शुष्क असून त्यात चपट्या, सपक्ष बिया असतात.

थंड प्रदेशांतील घरगुती बागांत साडेचारशे वर्षे रुळलेल्या या झुडपाचे उत्तम वाण बियांपासून जसेच्या तसे उतरत नाहीत. मुनवे वेगळे करून, दाब कलमाने किंवा दुसऱ्या खुंटावर कलम करूनच ते राखावे लागतात. त्यामुळे एखादा वाण टिकतो की नाहीसा होतो, हे पुष्कळदा तो कोणी निर्माण केला यापेक्षा तो ज्यांच्या दारी लागला त्यांनी कात्री केव्हा व कोठे चालविली यावर ठरत आले आहे.

नाव व प्रसार : ‘लायलॅक’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘नील’ या शब्दापर्यंत जाते. त्यावरून फार्सीत ‘नीलक’ म्हणजे निळसर, त्याचे रूपांतर ‘लीलक’ असे झाले व अरबीच्या मार्गाने ते यूरोपीय भाषांत गेले. ‘सिरिंगा’ हे वंशनाम नळी किंवा पावा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. याच्या फांद्यांतील भेंड सहज काढता येत असल्याने त्यांच्या नळ्या करीत. तशाच नळ्या देणाऱ्या फिलाडेल्फस या अगदी वेगळ्या झुडपालाही जुने बागवान सिरिंगा म्हणत आणि इंग्रजी बोलीत हा घोटाळा पुढेही चालू राहिला. भारतीय वाचकाची वेगळीच गफलत होण्याचा संभव असतो. इंग्रजी पुस्तकांत ‘पर्शियन लायलॅक’ या नावाने बकाण निंबाचाही उल्लेख येतो. त्याच्या फुलांचा रंग लायलॅकसारखा असला, तरी तो कडुनिंबाच्या कुलातील वृक्ष आहे. [→ बकाण निंब].

सामान्य लायलॅक मूळचा बाल्कन द्वीपकल्पातील खडकाळ डोंगर-उतारांवरचा. पश्चिम यूरोपात मात्र तो तुर्कांच्या उद्यानांतून पोहोचला. सुलतान सुलेमानच्या दरबारी असलेला पवित्र रोमन साम्राज्याचा वकील ऑझ्ये द बुस्बेक हा १५६२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून व्हिएन्नास परतला. लायलॅक तेथे नेण्याचे श्रेय परंपरेने त्याला दिले जाते. इटालियन वैद्य व वनस्पतिज्ञ मात्तिओली याच्या डायॉस्कॉरिडीझवरील भाष्याच्या १५६५ च्या आवृत्तीत या झुडपाचे चित्र आढळते. इंग्लंडमध्ये जॉन जेरार्ड याच्या १५९७ च्या वनस्पतिकोशात आपल्या बागेत ते विपुल असल्याचा उल्लेख आहे. इस्तंबूलच्या बागांतून आल्यामुळे ते पूर्वेकडील असावे, असा समज दीर्घकाळ होता. बाल्कनमधील रानटी झुडपांची वनस्पतिशास्त्रीय नोंद झाल्यावर एकोणिसाव्या शतकात तो मागे पडला. अशीच चूक फ्रान्समधील रूआं येथे सु. १७७७ मध्ये उद्भवलेल्या संकरजाबाबत झाली. त्याला चीनमधील समजून ‘चायनेन्सिस’ हे नाव देण्यात आले व ते आजही कायम आहे.

अमेरिकेत वसाहतवाल्यांनी मुनवे नेऊन लायलॅक लावला. टॉमस जेफर्सनच्या बागेच्या टिपणवहीत १७६७ मध्ये त्याच्या लागवडीची नोंद आहे. न्यू हँपशर राज्याने १९१९ मध्ये जांभळ्या लायलॅकला राज्यपुष्प ठरविले. न्यू इंग्लंडच्या ग्रामीण भागात ओस पडलेल्या घराचे नुसते जोते उरते, भोवती रान माजते, पण दाराशेजारचा लायलॅक दर वसंतात फुलत राहतो. अशी झुडपे स्वतःच्या मुळांवर वाढलेली असतात. जुनी खोडे मरतात व मुनवे त्यांची जागा घेतात. त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य एवढेच आहे आणि छाटणीचे शास्त्र त्याचेच अनुकरण करते.

नान्सीचे वाण : १८७० पर्यंत लायलॅकचे बागेतील प्रकार थोडे व साधे होते. त्या वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्धात फ्रान्समधील नान्सी हे शहर जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. तेथील रोपवाटिकाकार व्हीक्तॉर लम्वान (१८२३–१९११) याचा व्यवहार थंडावला आणि सक्तीच्या रिकामपणात त्याने लायलॅकच्या संकराचे काम हाती घेतले. बेल्जियममध्ये निघालेला ‘अझुरिया प्लेना’ हा दुहेरी पाकळ्यांचा, फारसा देखणा नसलेला वाण त्याने मातृवृक्ष म्हणून निवडला. त्याच्या फुलांत केसरदले नसतात व किंजल्क पाकळ्यांच्या गर्दीत दडलेला असतो. लम्वानची दृष्टी अधू झालेली असल्याने शिडीवर उभे राहून चिमट्याने पाकळ्या उलगडण्याचे व कुंचल्याने पराग लावण्याचे काम त्याची पत्नी मारी लुईझ हिने केले. पराग उत्तम एकेरी वाणांचे, तसेच चीनमधून आलेल्या सिरिंगा ऑब्लाटा या लवकर फुलणाऱ्या जातीचे घेतले होते. पहिल्या वर्षी शंभरावर फुलांचे परागण करूनही सातच बिया हाती लागल्या. चिनी जातीशी झालेल्या संकराचे पहिले दुहेरी फूल १८७६ मध्ये उमलले. त्यानंतर व्हीक्तॉर, मुलगा एमील व नातू आंरी अशा तीन पिढ्यांनी दोनशेहून अधिक वाण प्रसृत केले. दुहेरी पांढऱ्या फुलांचा १८९० चा ‘मादाम लम्वान’ आजही बागांत लावतात. उद्यानातील भरदार फुलांच्या कोणत्याही लायलॅकला ‘फ्रेंच लायलॅक’ म्हणण्याचा प्रघात या रोपवाटिकेमुळे पडला.

या वैभवाबरोबर एक अडचणही घरोघरी गेली. मागणी भागविण्यासाठी रोपवाटिकांनी नवे वाण साध्या लायलॅकच्या किंवा प्रिव्हेटच्या (लायगस्ट्रमच्या) खुंटावर बांधण्यास सुरुवात केली. साध्या लायलॅकच्या खुंटाचे मुनवे कलमाच्या खालून फुटतात, पानांवरून चटकन ओळखू येत नाहीत व जोमदार असल्याने काही वर्षांत वरच्या वाणाला दडपून टाकतात. मालकाला वाटते, की जांभळ्या दुहेरी फुलांचे झाड ‘बिघडले’. प्रत्यक्षात ते झाड मेलेले असते व उभा असतो तो खुंट. नावासह विकले गेलेले कितीतरी वाण बागांतून अशा रीतीने लुप्त झाले. प्रिव्हेटवरील कलमात हा धोका नाही, कारण त्याचे फुटवे वेगळे दिसतात. पण तो सांधा कालांतराने निकामी होतो. म्हणून कलमी रोप लावताना सांधा जमिनीखाली १० ते १५ सेंमी. जाईल असे लावतात. त्यामुळे वाणाला स्वतःची मुळे फुटतात व खुंट केवळ दाईचे काम करतो. घरगुती बागेसाठी स्वमूळ रोप मिळत असेल, तर कलमी रोप घेऊच नये, हे अधिक शहाणपणाचे.

लागवड व छाटणी : लायलॅकला दिवसातून निदान सहा तास ऊन, निचऱ्याची व उदासीन ते किंचित चुनखडीयुक्त जमीन आणि मोकळी हवा लागते. पाणथळ जागी मुळे कुजतात. लागवड पानगळ झाल्यावर किंवा वसंतारंभी, अंकुर फुटण्यापूर्वी करतात. दोन झुडपांत २ ते ३ मी. अंतर ठेवतात. नत्रयुक्त खत जास्त झाल्यास पाने माजतात व फुले कमी येतात. हिरवळीशेजारी लावलेली झुडपे फुलत नाहीत, त्याचे हे एक कारण असते. नव्या रोपाला चांगला बहर येण्यास तीन-चार किंवा अधिक वर्षे लागतात.

छाटणीचा काळ फुलांच्या कळ्या केव्हा तयार होतात यावरून ठरतो. लायलॅकच्या फांदीची अग्रस्थ कळी बहुधा खुरटते व तिच्याखालच्या दोन कळ्यांतून पुढील वर्षीचे घोस निघतात. या कळ्या बहर संपल्यानंतरच्या काही आठवड्यांतच, नव्या वाढीवर आकारास येतात व हिवाळाभर सुप्त राहतात. गुलाबाच्या सवयीने शरदात किंवा हिवाळ्यात शेंडे कापणारा बागवान पुढच्या वसंताची फुलेच कापत असतो. सारखे कातरून कुंपणासारखा आकार दिलेल्या लायलॅकवर फुले जवळजवळ न येण्याचे कारणही हेच. म्हणून छाटणी बहर ओसरताच करावयाची असते. त्याच वेळी सुकलेले घोस खालच्या दोन कोवळ्या फुटींना धक्का न लावता काढतात.

छाटणी न केलेले झुडूपही टिकते, मात्र फुले उंचावर जातात व बुंध्याकडे नुसती काष्ठमय खोडे उरतात. त्यावरचा सर्वमान्य उपाय तीन वर्षांचा आहे. दरवर्षी सर्वांत जुन्या व जाड खोडांपैकी सु. एक-तृतीयांश खोडे जमिनीलगत कापावीत आणि नव्याने आलेल्या मुनव्यांपैकी अंतराअंतरावरचे थोडे जोमदार ठेवून उरलेले काढावेत. तीन वर्षांनी झुडपात वेगवेगळ्या वयांची आठ-दहा खोडे राहतात व मधल्या काळात बहरही पूर्णपणे बुडत नाही. संपूर्ण झुडूप एकदम जमिनीपासून वीत-दीड वितीवर छाटले, तरी ते सहसा पुन्हा फुटते; पण काही वर्षे फुले मिळत नाहीत आणि झुडूप कलमी असेल, तर वर येते ते बहुधा खुंटाचेच. ‘सर्व मुनवे काढून टाकावेत’ हा पुस्तकांतून नेहमी दिसणारा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. कलमी झुडपाच्या बाबतीत तो अटळ. स्वमूळ झुडपाच्या बाबतीत मात्र तो त्याचे भावी आयुष्य तोडणारा ठरतो.

दाटी मोडल्याने रोगांनाही आळा बसतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पानांवर येणारी भुरी कुरूप दिसते, पण क्वचितच घातक ठरते. ओल्या, थंड वसंतात कोवळे कोंब काळे पाडणारा जीवाणू अधिक त्रासदायक असतो. तो १९०२ मध्ये लायलॅकवरूनच वर्णिला गेल्याने स्यूडोमोनस सिरिंगी हे त्याचे नाव पडले. पुढे हाच जीवाणू असंख्य पिकांचा शत्रू म्हणून ओळखला गेला. खोडकिड्याचा व खवले किडीचा उपद्रव जुन्या खोडांना अधिक होत असल्याने ती काढणे हाच मुख्य इलाज होय.

घरगुती पैदासकार : विसाव्या शतकातील काही उत्कृष्ट वाण शेतघराच्या व घराभोवतालच्या बागांत निपजले. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील वुडलंड येथे हल्डा क्लेगर या शेतकरी स्त्रीने १९०५ मध्ये लम्वानच्या वाणांपासून संकराला प्रारंभ केला. फुलांच्या दिवसांत तिची बाग पाहण्यास लोक येत व रोपे नेत. १९४८ च्या वसंतात कोलंबिया नदीच्या महापुरात तिची जवळजवळ सर्व झुडपे नष्ट झाली. तेव्हा तिने पंचाऐंशीच्या आसपासचे वय गाठले होते. पूर्वी रोपे नेलेल्या लोकांनी आपापल्या झुडपांचे मुनवे व फाटे परत आणून दिले आणि १९५० मध्ये बाग पुन्हा खुली झाली. १९६० मध्ये तिचे निधन झाले. तिचे घर व बाग आज ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केली आहे. मॉस्कोमध्ये लिअनीद कलेस्निकोव्ह या स्वयंशिक्षित पैदासकाराने घराभोवतीच्या बागेतून कामास सुरुवात केली. गुलाबी कळ्यांतून मोत्यासारखी पांढरी फुले उमलणारा त्याचा १९४७ चा ‘क्रासावित्सा मस्क्वी’ (मॉस्कोसुंदरी) जगभर गेला. १९५२ मध्ये त्यास स्टालिन पारितोषिक मिळाले. मात्र त्याचे बरेचसे वाण दुसरीकडे वेळीच न पोहोचल्याने आज उपलब्ध नाहीत.

कॅनडात ऑटावा येथे इझाबेला प्रेस्टन हिने १९२० नंतर कडक थंडी सोसणारे व सामान्य लायलॅकनंतर फुलणारे संकरज तयार केले. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकांत एकाच कुळीची लायलॅक रोपे ठिकठिकाणी लावून त्यांच्या पालवीच्या व बहराच्या तारखा नोंदविण्यात आल्या. वसंत पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागल्याचा पुरावा म्हणून या नोंदी आता उपयोगी पडतात.

भारतातील जाती : पश्चिम हिमालयात अफगाणिस्तानपासून नेपाळपर्यंत, सु. २,००० ते ३,५०० मी. उंचीवर, सिरिंगा इमोडी ही जाती आढळते. तिची फुले पांढरट व मोठ्या घोसांत येतात. मात्र त्यांच्या वासाला सामान्य लायलॅकचा गोडवा नाही. काश्मीर व हिमाचल प्रदेश यांच्या थंड भागांत लायलॅक बागेत लावता येतो. महाराष्ट्रात, महाबळेश्वरसारख्या ठिकाणीसुद्धा, कळ्यांची सुप्तावस्था मोडण्यास लागणारी दीर्घ थंडी पडत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात विसाव्या शतकाच्या मध्यास ‘लॅव्हेंडर लेडी’सारखे कमी थंडीवर फुलणारे वाण निघाले; परंतु त्यांनाही तेथे हिवाळ्यापूर्वी पाणी तोडून विश्रांती द्यावी लागते.