लंडी खाना किती लांब?

देवपुरातून निघताना अंगावर काहीतरी जाड घ्या. पांझरेकाठच्या थंडीची सवय असली, तरी पंजाबातला डिसेंबर हाडं गोठवतो. तुम्हाला १० डिसेंबर १९७१ला झफरवालला पोचायचंय. युद्ध पेटून आठवडा झालाय. वर धुराचा लोट सोडत एक सुखोई-७ कोसळतंय आणि पॅराशूटला लटकलेला माणूस शत्रूच्या मुलखात उतरतोय. तो फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर.

तुम्ही त्याला ओळखत नसाल, म्हणून थोडं सांगतो. मार्च १९६३मध्ये त्याला कमिशन मिळालं. दोन वर्षांत पासष्टचं युद्ध आलं. त्यात त्याच्या विमानाला गोळीबार लागला, उजवा खांदा जखमी झाला. त्याच्या लीडरनं त्याला उडी मारायला सांगितलं. त्यानं तसंच विमान तळावर आणून उतरवलं. त्याबद्दल त्याला वायुसेना पदक मिळालं. आज मात्र विमान आणण्याजोगं उरलेलं नाही. जमिनीला पाय टेकतात आणि तो युद्धकैदी होतो.

तिकडे घरी तार जाते: बेपत्ता. या एका शब्दानं घराचं काय होतं, ते फौजेतली पोरं असलेल्या आपल्या खानदेशातल्या घरांना सांगायला नको. मेल्याची बातमी आली तर निदान रडता येतं. बेपत्ता माणसासाठी ताट वाढायचं की नाही, हेही ठरवता येत नाही. पुढे रेडक्रॉसमार्फत पत्रं सुरू होतात, पण ती दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाणार. जे खरं सांगायचंय ते त्यात लिहिता येत नाही.

आणि परुळकरला सांगायचंय ते हेच, की तो इथून पळून जाणार आहे.

आता रावळपिंडीला चला. पाकिस्तानी हवाई दलाच्या या आवारात भारताचे बारा वैमानिक कैदेत आहेत. वरिष्ठ विंग कमांडर कोएल्हो. चाटी आणि कामत ही नावं ऐकून तुम्हाला आपली माणसं भेटल्यासारखं वाटतं. पंचवीस डिसेंबरला उस्मान हमीद नावाचा तरुण पाकिस्तानी अधिकारी त्यांच्यासाठी केक आणतो. हे नाव विसरू नका.

महिने सरतात. युद्ध संपलंय, शिमला करारही होऊन गेलाय, सुटकेचा पत्ता नाही. परुळकरच्या खोलीत जा. दिवसा तिथं काहीच दिसत नाही. रात्री तो, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी भिंतीशी बसतात आणि विटांच्या सांध्यातला चुना खरवडतात. जरा जोरात घासलं तर पहारेकरी जागा होईल, म्हणून हात अगदी हलका ठेवायचा. वीट सुटली की परत जागेवर बसवायची आणि फट बुजवायची. बाहेरचा गिलावा शेवटच्या रात्रीपर्यंत शाबूत ठेवायचा. बोटांची सालटं निघतात. मला या माणसाचं खरं धाडस इथं दिसतं. आकाशातलं धाडस काही क्षणांचं असतं, हे रोज रात्री नव्यानं करावं लागतं.

बाकीचं सामान बघा. वैमानिकाच्या जी-सूटमधली रबरी पिशवी पाणी भरायला. पॅराशूटच्या कापडाच्या पाठपिशव्या. चुंबक केलेल्या सुईचं होकायंत्र. शाळेच्या नकाशासंग्रहातून काढलेला रस्ता. जिनिव्हा करारानुसार मिळणाऱ्या भत्त्यातून साठवलेले पैसे. इतक्या सामग्रीवर तिघांना अफगाणिस्तान गाठायचंय, कारण भारताच्या सीमेवर सैन्य खडं आहे.

१२ ऑगस्ट १९७२ची रात्र. परवा पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, सुटीचं वातावरण. वादळ सुटतं. पहारेकरी अंगावर पांघरूण ओढून आडोशाला बसतो. शेवटचा गिलावा फुटतो आणि एकेक जण भगदाडातून बाहेर सरकतो. तुम्हीही सरका, खांदे आवळून. रस्त्यावर सिनेमाचा शेवटचा खेळ सुटलाय. त्या गर्दीत मिसळा. मग पेशावरची बस.

उजाडता उजाडता पेशावर, तिथून जमरूद, पुढे खैबर खिंडीतल्या उघड्याबोडक्या डोंगरांतून लंडी कोतल. सकाळचे नऊ-दहा वाजलेत. सीमा चार मैलांवर आहे. काबूलला पोचले की भारतीय दूतावास, आणि मग घर. पिंडीला त्यांच्या पळण्याचा अजून कुणाला पत्ता नाही.

चहाच्या दुकानापाशी ते विचारतात, लंडी खाना किती लांब?

नकाशात ते रेल्वेचं शेवटचं स्टेशन आहे. पण तिथली गाडी १९३२मध्येच बंद झाली. चाळीस वर्षांत कुणी तिथं जायचं म्हणून रस्ता विचारलेला नाही. ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात, माणसं जमतात, तहसीलदाराचा कारकून येतो आणि तिघांना घेऊन जातो. जुन्या नकाशानं घात केला. तुमच्या तोंडून हाय निघते. मीही इतक्यांदा हे वाचलं, पण प्रत्येक वेळी वाटतं की यांनी दुसरं गाव विचारावं.

तिघं आपण पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी असल्याचं सांगतात. खोटी नावं घेतात. तहसीलदाराला पटत नाही. या मुलखात हेर म्हणून संशय आला तर जिवावर बेतणार, हे परुळकर ओळखतो. तो एक फोन करू देण्याची विनंती करतो. फोन जातो उस्मान हमीदला, जो आता पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचा एडीसी आहे. आपल्या कैद्यांचा आवाज तो ओळखतो आणि ही आपलीच माणसं आहेत, यांना सांभाळा, असं तहसीलदाराला बजावतो. तिघांचे जीव वाचतात. शत्रूच्या गणवेशातला हा माणूस या गोष्टीत नसता, तर गोष्ट लंडी कोतललाच संपली असती.

पुढे एकांतवास, मग ल्यालपूरचा तुरुंग. अखेर १ डिसेंबर १९७२ला वाघा सीमेवरून वैमानिक परततात. त्या रांगेत उभं राहून चेहरे बघा. परुळकर आहे, चाटी आहे, कामत आहे.

विजय वसंत तांबे नाही. तोही फ्लाइट लेफ्टनंट, त्याचंही सुखोई-७. पाच डिसेंबरला शोरकोटवरच्या हल्ल्यात विमान पडलं. ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांच्या नावांत त्याच्या नावाशी जुळणारं नाव छापून आलं होतं. त्याची बायको दमयंती राष्ट्रीय बॅडमिंटन विजेती आणि अर्जुन पुरस्काराची मानकरी. १९७०मध्ये लग्न झालं आणि दीड-पावणेदोन वर्षांत युद्ध. नवरा आज ना उद्या येईल म्हणून तिनं मंत्रालयांचे उंबरे झिजवले, पत्रं लिहिली, जिथून सुगावा लागेल तिथं विचारलं.

परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन झाला, विशिष्ट सेवा पदक मिळालं, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पोरांना घडवलं. ऑगस्ट २०२५मध्ये तो गेला. त्याच्या पलायनावर पुस्तक आलं, चित्रपट आला. ते सगळं त्याचं हक्काचं. मात्र त्याची कथा सांगताना दमयंतीबाईंची सोबत सांगायलाच हवी, असं मला कळकळीनं वाटतं. २००७मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहायची परवानगी मिळाली, तेव्हा त्या स्वतः गेल्या. छत्तीस वर्षांनंतर, एकेका तुरुंगाच्या नोंदवहीत नवऱ्याचं नाव शोधायला.