जुन्या कागदांतील धरणीकंप व आपले मंदिर

श्रीकृपेने व आपणा सर्व ग्रामस्थ-दात्यांच्या सहकार्याने आपल्या सांगवीच्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला. या शुभप्रसंगी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा समितीचा आग्रह पडला. मी काही इतिहासकार नव्हे. एस. एस. सी. पर्यंत शिकलेला, तालुका कचेरीत कारकुनी करणारा माणूस. परंतु जुने कागद चाळण्याची सवय नोकरीने लावली, तिचा थोडा उपयोग गावासाठी झाला, तो सांगतो.

कोनशिलेचा मजकूर ठरविण्याच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. गाभाऱ्याच्या मागील भिंतीला जुना तडा होता, तो कधीचा? वडीलधारी मंडळी म्हणत, पेशवाईत मोठा धरणीकंप झाला, देऊळ पडले व पुन्हा उभे केले, तेव्हापासूनचा. मधल्या पिढीचे म्हणणे, कोयनेच्या भूकंपातला. तरुण मंडळी किल्लारीचे नाव घेत होती. दगडावर एकदा कोरले की ते पुसता येत नाही. म्हणून कागद पाहण्याचे काम मजकडे देण्यात आले.

देवस्थानच्या जमाखर्चाच्या जुन्या कीर्दी एका पेटीत होत्या. काही वाळवीने खाल्लेल्या, काही ओल लागून चिकटलेल्या. त्यांत शके 1889 च्या मार्गशीर्ष महिन्यात एक खर्च सापडला. रविवारी रात्री धरणीकंप होऊन शिखराचा चुना निखळला, सबब चुना आणून गवंड्यास मजुरी दिली, अशा आशयाची ती नोंद आहे. शकात 78 मिळवले की मार्गशीर्षासाठी इसवी सन 1967 येते. म्हणजे हा कोयनेचाच भूकंप, असे मला वाटले.

परंतु बैठकीत लगेच हरकत आली. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 रोजी झाला, त्या दिवशी सोमवार होता. कीर्दीत रविवार कसा? मग ही नोंद खरी कशी धरावी?

हरकत रास्त होती, पण तिचे उत्तरही सोपे आहे. तो भूकंप पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला. आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नव्हे. सूर्य उगवला नव्हता, म्हणून कीर्द लिहिणाऱ्याच्या लेखी ती रविवारचीच रात्र होती. गंमत अशी की, परदेशी याद्यांत याच भूकंपाची तारीख 10 डिसेंबर आढळते. तेथे ग्रीनिचची वेळ धरतात. ती आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे असल्याने तेथे आदल्या रात्रीचे 10 वाजून 51 मिनिटे होतात. तेव्हा आपला रविवार, सरकारी सोमवार व परदेशी 10 डिसेंबर, हे तिन्ही खरे आहेत. नोंद करणाऱ्याने चूक केली नव्हती, आपण वाचताना चुकत होतो.

त्या भूकंपाने कोयनानगरची दैना झाली. मृतांचे आकडे 177 पासून 200 पर्यंत निरनिराळे दिलेले आहेत. वीजकेंद्र बंद पडल्याने मुंबई-पुण्याकडचे कारखाने थांबले. धरणात पाणी साठू लागल्यावर, 1962 नंतर, त्या भागात लहान धक्के सुरू झाले होते व त्यांची नोंद यंत्रांवर होत होती. दख्खनचा खडक स्थिर, येथे मोठा भूकंप होत नाही, ही पूर्वीची समजूत त्या पहाटे मोडली.

मग लोकांनी मागे वळून पाहिले. इतिहाससंशोधक यशवंत नरसिंह केळकर यांनी जानेवारी 1968 मध्ये 'केसरी'त महाराष्ट्रातील गेल्या तीनशे वर्षांच्या भूकंपांवर लेख लिहिला. पुढे भूकंपशास्त्राच्या अभ्यासकांनीही आपल्या याद्या करताना त्या मराठी लेखाचा आधार घेतला. जेथे यंत्र नव्हते तेथे कारकुनाची लेखणी साक्षीला आली, याचा माझ्यासारख्याला अभिमान वाटतो.

या याद्यांत महाबळेश्वर भागातील 1764 सालचा भूकंप येतो. आपल्या वडीलधाऱ्यांची पेशवाईतील कथा त्याचीच असेल काय? पेशवाईतील कागदांवर सन अरबी शब्दांत असे. खमस म्हणजे पाच, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. 'खमस सितैन मया व अलफ' म्हणजे 1165, त्यात 599 मिळवले की 1764 येते. पण हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होई, म्हणून 1765 च्या जानेवारीतील कागदावरही तोच सन दिसे. हे ध्यानात न घेतल्यास एका वर्षाची चूक होते. अशा सनाचा, आपल्या देवळाचा उल्लेख असलेला एकही कागद पेटीत निघाला नाही.

हे सांगताच एक वयोवृद्ध आबा म्हणाले, "अरे, मग आमच्या आज्याने सांगितलेलं खोटं का?" मी म्हणालो, "आबा, खोटं कोण म्हणतंय? पण कागद मिळेपावेतो दगडावर नको. तुमचं म्हणणं तुमचं म्हणून स्मरणिकेत लिहितो." ते त्यांनी मानले व त्याप्रमाणे वर लिहिले आहे. तड्याविषयी कीर्दीत एक अक्षर नाही. म्हणून कोनशिलेवर शके 1889 मधील धरणीकंप, शिखराच्या चुन्याची दुरुस्ती व आताचा जीर्णोद्धार एवढेच कोरले आहे.

कागद नसल्याचा दुसरा अर्थही विसरता कामा नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक निजले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व धाब्याची जड छपरे अंगावर येऊन सुमारे 10 हजार माणसे गेली. तो मुलूख तेव्हाच्या सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. नोंद नाही म्हणजे भूकंप झालाच नाही, असे धरून चालल्याची किंमत फार मोठी पडते. 2002 च्या नकाशात आपले पुणे तिसऱ्या विभागात दाखविले आहे. तेव्हा नवे बांधकाम जपणे व प्रत्येक तड्याची तारीख लिहून ठेवणे, ही आता आपली जबाबदारी आहे.

यासाठी समितीने या वर्षापासून देवस्थानात एक नोंदवही ठेवली आहे. पूर, वीज, धरणीकंप, दुरुस्ती, जे घडेल ते तारीख, वार व घड्याळाची वेळ घालून तीत लिहावयाचे आहे. कोणाच्या घरी माळ्यावर जुन्या वह्या, पावत्या, मोडी कागद असतील तर ते रद्दीत न घालता एकदा दाखवावेत, नक्कल करून मूळ कागद परत दिले जातील. कदाचित त्यांतच आबांच्या आज्याची साक्ष निघेल व ती कोरण्यासाठी कोनशिलेवर खाली दोन ओळींची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे.

चूकभूल देणे घेणे.