सोलापूर : उन्हाचे, भोंग्यांचे आणि चार नावांचे शहर



मे महिन्यात भर दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर उभे राहून पाहा. पारा ४३ अंशांच्या घरात. पत्र्याच्या घरात बसवत नाही म्हणून बायका विड्यांची सुपे घेऊन दाराबाहेरच्या सावलीत येतात. आपल्या गावाचे निम्मे आयुष्य सावली शोधण्यात आणि निम्मे पाणी भरण्यात जाते असे मी वर्गात म्हणतो तेव्हा मुले हसतात. पण शाळेला उशीर का झाला हे विचारावे, तर उत्तर नळाचेच मिळते. १८७१ साली एकरूख तलाव झाला, १९८० साली भीमेवर उजनी धरण झाले, तरी नळ काही दिवसांआडच येतो.

मग अशा कोरड्या मुलखात एवढी वस्ती जमली कशी? १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली. आपण तिला जुनी मिल म्हणतो. कामासाठी तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून, मराठवाड्यातून माणसे आली. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलली जाऊ लागली. घरात घड्याळ नसले तरी चालत असे. गिरणीचा भोंगा होता. आता त्या गिरण्या बंद पडल्या आहेत. आपल्या मुलांनी तो भोंगा ऐकलेला नाही.

या भोंग्याच्या शहरानेच १९३० चा मे महिना पाहिला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्याच्या सत्याग्रहातून गोळीबार झाला, पोलीस ठाणी जळाली. पोलीस माघारी गेले आणि काही दिवस शहराची व्यवस्था लोकांनीच पाहिली. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. गांधी टोपी घालणे हाही गुन्हा ठरला! पुस्तकात हे एका ओळीत उरकले जाते; मला त्या उन्हात टोपी घालून रस्त्यावर निघालेला माणूस दिसतो.

मंगळवार पेठेतील पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांना शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन कामगारांत वावरणारे, 'गझनफर' हे पत्र चालविणारे. १२ जानेवारी १९३१ रोजी चौघांनाही येरवड्यात फाशी दिले. संक्रांत दोन दिवसांवर आली होती.

गेल्या वर्षी वर्ग घेऊन चार पुतळ्यांपाशी गेलो होतो. एका मुलाने हळूच विचारले, "सर, यांतले आपले कोणते?" मी म्हणालो, "चारही." त्याला ते पटले की नाही, सांगता येत नाही, कारण त्याने पुन्हा पुतळ्यांकडे पाहिले आणि काही बोलला नाही. हा प्रश्न त्याच्या मनात कुठून आला, याचा विचार मात्र मी आणि तुम्ही, दोघांनी करायचा आहे.

यंदा मुलांना सिद्धेश्वराचा गड्डा दाखवायला न्याल, तेव्हा वाट थोडी वाकडी करा. चौकात थांबून ती नावे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. जानेवारीत ऊन सोसवते.